हाताची खूण आणि साचा : फुकामी सुएहारू यांचे पोर्सेलिन-शिल्प

फुकामी सुएहारू यांच्या शिल्पांविषयी आजवर जे लिहिले गेले आहे त्यात तीन शब्द पुन:पुन्हा भेटतात : शुद्धता, शांतता आणि शून्य. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील हॅनफर्ड येथील क्लार्क केंद्राने त्यांच्या कार्यावर २०११ च्या सुमारास जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याच्या नावातच घाटाच्या शुद्धतेचा निर्देश आहे. हे शब्द खोटे नाहीत. परंतु ते सुंग काळातील एखाद्या कटोऱ्याला लावता येतात, ब्रांकुशीच्या पक्ष्याला लावता येतात आणि बर्फाने झाकलेल्या माळालाही लावता येतात. जो शब्द इतक्या भिन्न वस्तूंना सारखाच बसतो तो त्यांपैकी एकीविषयीही फारसे सांगत नाही. शिवाय कलावंत जपानी असला म्हणजे या शब्दांना झेन पंथाचा आधार आपोआप मिळतो आणि समीक्षकाची पुढील चौकशी तेथेच थांबते. फुकामींच्या बाबतीत ही चौकशी थांबणे विशेष हानिकारक आहे. कारण त्यांच्या कार्याचे खरे महत्त्व शांततेत नसून एका वादात आहे. मातीच्या कलेत हाताची खूण दिसलीच पाहिजे काय, हा तो वाद. जपानमध्ये या प्रश्नाला जितके वजन आहे तितके क्वचितच अन्यत्र असेल.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहावे. फुकामींची पुष्कळशी प्रसिद्ध शिल्पे दोन जातींची आहेत. एक उभी : एखाद्या लांब पात्यासारखी, तळाशी रुंद, वर जाताना किंचित वळत निमुळती होणारी, यांतील काहींची उंची एक मीटरहून अधिक आहे. दुसरी आडवी : वाऱ्याने उचललेल्या लाटेसारखी वा पक्ष्याच्या पंखासारखी, दोन्ही टोकांना बारीक होत गेलेली आणि एका आधारावर तोललेली. दोहोंचाही रंग फिकट निळसर पांढरा असतो. पृष्ठभागावर नक्षी नाही, आकृती नाही, बोटाचा ठसा नाही, हत्याराची रेघ नाही. जेथे दोन वक्र पृष्ठभाग मिळतात तेथे एक धार तयार होते आणि त्या धारेवर झिलई इतकी पातळ होते की खालचा पांढरा रंग वर येतो. त्यामुळे प्रत्येक शिल्पाच्या कडेने एक शुभ्र रेषा धावताना दिसते. ती कोणी रेखाटलेली नाही. घाट, झिलई आणि आच यांच्या परस्परसंबंधातून ती आपसूक उमटलेली असते.

या वर्णनात 'शिल्प' हा शब्द सहज येऊन गेला. मराठीत तो संस्कृतातून आलेला असल्याने कारागिरी आणि मूर्तिकला या दोहोंचे क्षेत्र त्याच्या कक्षेत येते, आणि शिल्पी म्हणजे केवळ मूर्ती घडवणारा असा अर्थ पूर्वी नव्हता. जपानी भाषेत मात्र या दोन क्षेत्रांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक भिंत उभी राहिली. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनाच्या निमित्ताने पाश्चात्य 'ललित कला' या कल्पनेसाठी 'बिजुत्सु' हा नवा शब्द घडवण्यात आला. १८७६ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कलाशाळेत विन्चेन्झो रागुसा या इटालियन शिल्पकाराने पाश्चात्य पद्धतीची मूर्तिकला शिकवण्यास प्रारंभ केला. मूर्तिकलेला 'चोकोकु' आणि कारागिरीला 'कोगेई' अशी निरनिराळी नावे स्थिरावली आणि माती कोगेईच्या वाट्याला आली. १९०७ मध्ये सुरू झालेल्या सरकारी वार्षिक प्रदर्शनात कोगेईला स्थानच नव्हते. ते मिळण्यास १९२७ साल उजाडावे लागले. युद्धोत्तर काळात याच प्रदर्शनाचा वारसा 'निट्टेन' या नावाने चालू राहिला. फुकामींनी तरुणपणी आपली कामे प्रथम याच निट्टेनमध्ये मांडली, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

फुकामींचा जन्म १९४७ चा, क्योटोचा. घर कुंभारकामाच्या व्यवसायातले. त्या नगरीत पोर्सेलिन उशिरा आले. क्यूशू बेटावरील आरिता येथे सतराव्या शतकाच्या आरंभीच पोर्सेलिन भाजले जाऊ लागले होते. क्योटोत ते आणण्याचे श्रेय अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील ओकुदा एइसेन याला दिले जाते. तोवर क्योटोच्या मातीकामावर चहाविधीच्या अभिरुचीचा पक्का ठसा उमटलेला होता. सोळाव्या शतकात चोजिरोने चाकाशिवाय केवळ हाताने घडवलेला राकू कटोरा हा त्या अभिरुचीचा आदर्श. किंचित वाकडा, हाताच्या ओंजळीत बसणारा, करणाऱ्याच्या बोटांची जाणीव पिणाऱ्याच्या बोटांना करून देणारा असा हा कटोरा आहे. विसाव्या शतकात यानागी सोएत्सु यांनी 'मिंगेई' चळवळीद्वारा लोककारागिरीचा जो गौरव केला त्याचे तत्त्वज्ञान वेगळे होते. परंतु हाताला जे पावित्र्य चहाविधीने दिले होते त्याला त्यामुळे आणखी बळकटीच आली. १९५५ मध्ये शासनाने कारागिरीच्या क्षेत्रातील 'मानवी राष्ट्रीय निधी' प्रथमच घोषित केले. त्यांत हामादा शोजी, तोमिमोतो केनकिची, इशिगुरो मुनेमारो आणि आराकावा तोयोझो हे चार कुंभार होते आणि हातात मुरलेले कौशल्य हाच या सन्मानाचा पाया होता. अशा वातावरणात साच्यात ओतून केलेल्या मातीला काय प्रतिष्ठा असणार हे सांगावयास नको. साचा हा कारखान्याचा. त्यातून चहाचे पेले निघतात, बाहुल्या निघतात, स्नानगृहातील पात्रे निघतात.

फुकामींच्या लहानपणीच क्योटोत दुसरेही एक वादळ उठले होते. १९४८ मध्ये यागी काझुओ, सुझुकी ओसामु, यामादा हिकारू प्रभृतींनी 'सोदेइशा' हे मंडळ स्थापन केले. यागी यांनी १९५४ मध्ये केलेले 'झामझा महाशयांचा फेरफटका' हे शिल्प त्या मंडळाच्या भूमिकेचे प्रतीक मानले जाते. चाकावर फिरवून केलेले एक कडे उभे करून त्याला लहान लहान नळ्या जोडलेल्या. त्यात काही ठेवता येत नाही, त्यातून काही ओतता येत नाही. काफ्काच्या कथानायकाप्रमाणे एका सकाळी पात्र जागे झाले आणि आपण पात्र उरलेलो नाही असे त्याला आढळले. सोदेइशाने उपयुक्ततेचे बंधन तोडले. तथापि हाताचे बंधन त्यांनी तोडले नाही. उलट चिमटलेली, कापलेली, दाबलेली माती हेच त्यांच्या अभिव्यक्तीचे मुख्य साधन राहिले. अवंत-गार्ड आणि परंपरानिष्ठ हे दोन्ही पक्ष या एका मुद्द्यावर एकत्र होते, ही बाब सहसा नजरेतून सुटते. फुकामी सोदेइशाच्या वाटेने गेले नाहीत. त्यांनी क्योटोतील मृत्तिका-प्रशिक्षण संस्थेत रीतसर शिक्षण घेतले, निट्टेनच्या राजमार्गावरून वाटचाल केली आणि पुढे जो प्रश्न विचारला तो सोदेइशाच्या प्रश्नाहून अधिक अवघड होता. पात्रावाचून माती कलेत टिकते हे यागींनी दाखविले होते. हाताच्या खुणेवाचून ती टिकते काय?

हा प्रश्न त्यांना सिद्धान्तातून सुचला असे मानण्याचे कारण नाही. तो सामग्रीतून आला. पोर्सेलिन हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. कारण मराठीतील 'चिनी माती' हा शब्द लोणच्याच्या बरणीपासून उत्तम पेल्यापर्यंत सर्वांना सारखाच चालतो. पोर्सेलिन म्हणजे केओलिन, फेल्डस्पार आणि गारगोटीची पूड यांचे असे मिश्रण की ते सुमारे तेराशे अंश सेल्सिअसच्या आचेत अंशतः काचेसारखे होते, घट्ट, पांढरे आणि पातळ भागी प्रकाश झिरपू देणारे बनते. परंतु कच्च्या स्थितीत ही माती मोठी हट्टी असते. साध्या मातीसारखा लवचिकपणा तिच्यात नसतो. चाकावर ती लवकर ढासळते. तिच्यावर जे काही केले जाते त्याची आठवण ती ठेवते. चाकाच्या फिरण्याने तिच्यातील चपटे कण एका दिशेने लागतात आणि भट्टीत आकुंचन पावताना भांडे थोडेसे उलट्या दिशेने पिळवटते. वाकलेली पट्टी सरळ करून वाळविली तरी आचेत ती पुन्हा वाकू पाहते. वाळवण आणि भाजणी मिळून ती एकअष्टमांशाच्या आसपास आक्रसते. जाड भाग आणि पातळ भाग यांच्या आकसण्यात तफावत पडली की तडा गेलाच.

फुकामींना हवी होती ती लांब, ताणलेली, तलवारीच्या पात्यासारखी धार. चाक ती देऊ शकत नाही. कारण चाकातून येणारा घाट नेहमी एका अक्षाभोवती फिरलेला असतो. हाताने थापलेल्या पट्ट्यांतून ती मिळवावी तर पोर्सेलिन प्रत्येक जोडाचा सूड भट्टीत उगवते. साध्या ओतकामातही अडचण होती. पातळ माती प्लास्टरच्या साच्यात ओतली की प्लास्टर पाणी शोषून घेते आणि साच्याच्या भिंतीला मातीचा थर धरतो. पेल्यासाठी हे पुरते. मोठ्या, सलग आणि धारदार घाटासाठी पुरत नाही. बुडबुडे राहतात, थर विषम बसतो, अरुंद टोकापर्यंत माती नीट पोहोचत नाही. १९८०च्या सुमारास फुकामींनी यावर जो उपाय योजला तो सरळ उद्योगक्षेत्रातला होता. हवेच्या दाबाने, कॉम्प्रेसरच्या साहाय्याने, पातळ माती साच्यात रेटायची. दाबामुळे हवा आणि पाणी बाहेर जाते, माती टोकापर्यंत घट्ट भरते आणि सर्वत्र सारख्या घनतेची होते.

येथवर यंत्राचे काम संपते. कलावंताचे श्रम यानंतरच सुरू होतात, हे ओतकामाला हिणवणाऱ्यांच्या ध्यानी येत नाही. साच्यातून निघालेली वस्तू ही केवळ ढोबळ मसुद्यासारखी असते. ती अत्यंत सावकाश वाळवावी लागते. साच्याच्या सांध्याची रेघ काढून टाकावी लागते. मग कठीण पात्यांनी पृष्ठभाग पुन:पुन्हा तासून वक्रता निश्चित करायची, पहिली भाजणी द्यायची, पुन्हा घासायचे, झिलई फवाऱ्याने समप्रमाणात चढवायची आणि अखेरच्या आचेस सामोरे जायचे. या सर्व क्रियांत हात सतत राबत असतो. परंतु त्याची प्रत्येक पुढची हालचाल मागच्या हालचालीची खूण पुसण्यासाठी असते. राकू कटोऱ्यात हात बोलतो. फुकामींच्या शिल्पात हात आपलेच शब्द खोडीत जातो.

१९८५ मध्ये इटलीतील फाएन्झा येथे भरलेल्या त्रेचाळिसाव्या आंतरराष्ट्रीय मृत्तिका-स्पर्धेत फुकामींना सर्वोच्च पुरस्कार मिळाला. फाएन्झाचे महत्त्व युरोपच्या मातीकामाच्या इतिहासात मोठे. तेथील रंगीत झिलईच्या भांड्यांवरूनच फ्रेंच भाषेत अशा भांड्यांना नाव पडले, आणि १९०८ पासून तेथे मृत्तिकाकलेचे आंतरराष्ट्रीय संग्रहालय आहे. युरोपीय परीक्षकांना कोगेई आणि चोकोकु यांच्यातील भिंतीशी कर्तव्य नव्हते. त्यांनी समोरची वस्तू पाहिली. जपानी कलावंताला परदेशी मान्यतेने स्वदेशात बळ मिळावे हा काही नवा अनुभव नव्हे. या पुरस्कारानंतर फुकामींची गणना शिल्पकारांत होऊ लागली, आणि अमेरिकेतील संग्राहकांनी त्यांची कामे मोठ्या प्रमाणावर घेण्यास आरंभ केला. विलार्ड क्लार्क यांच्या संग्रहाचे महत्त्व यात विशेष. हा संग्रह २०१३ मध्ये मिनीआपोलिसच्या कलासंग्रहालयाकडे गेला.

आता झिलईकडे वळावे. कारण फुकामींच्या कलेचा गाभा तेथे आहे. या झिलईचे जपानी नाव 'सेइहाकुजी', म्हणजे निळसर पांढरे पोर्सेलिन. तिचा उगम चीनमध्ये, सुंग काळातील जिंगदेझेनच्या भट्ट्यांत. झिलईत लोहाचा अत्यल्प अंश असतो. प्राणवायू कमी असलेल्या आचेत तो निळसर छटा धारण करतो. थर पातळ असेल तेथे रंग जवळजवळ दिसतच नाही. दाट असेल तेथे तो पाण्याच्या डोहासारखा गहिरा होतो. सुंग कारागिरांनी या गुणधर्माचा उपयोग कोरीव नक्षीसाठी केला. कमळाची पाकळी कोरली की कोरलेल्या खाचेत झिलई साचते आणि रेषा निळी उमटते. जपानमध्ये या परंपरेचे श्रेष्ठ वारस त्सुकामोतो काइजी. त्यांना १९८३ मध्ये पांढऱ्या व निळसर पांढऱ्या पोर्सेलिनसाठी 'मानवी राष्ट्रीय निधी' हा सन्मान मिळाला. त्यांच्या कटोऱ्यांत कोरीव रेषेची लय हाच प्राण आहे.

फुकामींनी हीच झिलई घेतली आणि तिचे तर्कशास्त्र उलटे केले. सुंग कारागिरासाठी खाच महत्त्वाची होती, कारण तेथे रंग साचतो. फुकामींसाठी धार महत्त्वाची झाली, कारण तेथून रंग हटतो. तेथे निळी रेषा पांढऱ्या भूमीवर, येथे पांढरी रेषा निळसर भूमीवर. नक्षी नाहीशी झाली असे वरवर वाटते. वस्तुतः नक्षी पृष्ठभागावरून उठून घाटाच्या सीमेवर गेली आहे. एक सहस्र वर्षांच्या झिलईने दिलेला हा नवा अर्थ आहे आणि तो फुकामींच्या कार्यातील सर्वांत मौलिक भाग होय. उभ्या शिल्पाभोवती फिरून पाहताना याची प्रचीती येते. समोरून एक रुंद, मंद उजळलेला पृष्ठभाग दिसतो. एक पाऊल सरकले की तोच पृष्ठभाग अरुंद होतो आणि धार पुढे येते. आणखी एक पाऊल, आणि संपूर्ण शिल्प एका पांढऱ्या रेषेत आटते. वस्तू आणि रेषा यांच्यातील हे अंतर पाहणाऱ्याच्या चालण्याने कमीअधिक होत असते. छायाचित्रांत हे कधीच येत नाही. फुकामींची कीर्ती मात्र बव्हंशी छायाचित्रांवरून पसरली आहे, आणि शुद्धता-शांततेची भाषा बरीचशी तेथूनच उगवली आहे.

मराठी वाचकाच्या मनात या ठिकाणी मर्ढेकरांची आठवण होणे स्वाभाविक आहे. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात त्यांनी सौंदर्याचे मूळ संवेदनांच्या लयबद्ध रचनेत शोधले आणि संवाद, विरोध व समतोल ही लयीची तीन तत्त्वे सांगितली. फुकामींची शिल्पे या सिद्धान्ताचे उदाहरण म्हणूनच जणू घडविली असावीत असा भास होतो. दोन वक्रतांचा संवाद, मऊ पृष्ठभाग आणि तीक्ष्ण धार यांचा विरोध, आडव्या शिल्पातील एका बिंदूवरचा समतोल, सर्व काही तेथे आहे. परंतु उदाहरण इतके चपखल बसते म्हणूनच सिद्धान्ताची मर्यादाही त्यात उघडी पडते. समजा, हीच वक्रता आणि हाच रंग प्लास्टिकमध्ये तंतोतंत उतरविला. चकाकी व स्पर्शही हुबेहूब साधला. संवेदना त्याच राहतील. शिल्प तेच राहील काय? मर्ढेकरांचा कैवारी म्हणेल की दोहोंत भेद जाणवत असेल तर तो संवेदनेतच कोठेतरी असला पाहिजे. हे उत्तर पुरेसे नाही. भेद संवेदनेत नसून जाणिवेत आहे. पोर्सेलिनची धार आचेतून बचावून आलेली असते. तेराशे अंशांच्या आसपास ती माती मऊ झालेली असते, आपल्याच वजनाने वाकू पाहत असते, आणि ती वाकली नाही हे पाहणाऱ्याला ठाऊक असते किंवा निदान अंधुकपणे जाणवते. प्लास्टिकच्या धारेला असा भूतकाळ नाही. फुकामींच्या शिल्पातील ताण हा रेषेचा ताण आहेच, पण त्याहून अधिक तो टळलेल्या संकटाचा ताण आहे. 'शांत' हे विशेषण म्हणूनच अपुरे पडते.

या संकटाकडे दुसऱ्या बाजूने पाहणारा एक समकालीन आहे, त्याचा उल्लेख येथे आवश्यक ठरतो. नागाए शिगेकाझु हे १९५३ मध्ये सेतो येथे जन्मले. सेतो हे जपानच्या ओतकामाचे एक मोठे केंद्र, आणि साचा हा नागाएंना घरूनच मिळालेला वारसा. त्यांनी साच्यातून अत्यंत पातळ पोर्सेलिनचे साधे आकार काढले, ते एकमेकांना जोडले, आणि भट्टीत त्यांना मुद्दाम वाकू दिले, लोंबू दिले. अंतिम घाट आचेने आणि गुरुत्वाकर्षणाने ठरविलेला. फुकामी आचेशी झगडून जे टाळतात तेच नागाए आचेकडून मागून घेतात. दोघांनीही साच्याला कारखान्यातून बाहेर काढले. पण नागाएंच्या कामात अपघाताला जागा आहे आणि म्हणून प्रत्येक वस्तू एकमेव ठरते. फुकामींच्या कामात अपघात म्हणजे केवळ नाश. ज्या वस्तू फुटल्या वा वाकल्या त्या दिसत नाहीत. दिसतात त्या फक्त उत्तीर्ण झालेल्या.

यातूनच फुकामींवरील सर्वांत गंभीर आक्षेप उद्भवतो. साच्यातून एकाच घाटाची अनेक शिल्पे निघू शकतात, आणि फुकामींची कामे मर्यादित संख्येच्या आवृत्तींतून निघालेली आहेत. कांस्यशिल्पात ही प्रथा सर्वमान्य आहे. रोदँच्या आवृत्त्यांना कोणी कमी लेखत नाही. मातीच्या बाबतीत मात्र मन आढेवेढे घेते, आणि त्याचे मूळ पुन्हा त्याच हाताच्या पावित्र्यात आहे. हा आक्षेप टिकणारा नाही. प्रत्येक प्रत स्वतंत्रपणे तासली, घासली आणि भाजली जाते. साचा एक असला तरी धार प्रत्येक वेळी नव्याने मिळवावी लागते. पण याच आक्षेपाचे एक दुसरे रूप आहे आणि ते इतक्या सहजतेने झटकता येत नाही. गेल्या चार दशकांत फुकामींच्या घाटांत झालेला बदल अल्प आहे. 'हारुका नो केई', म्हणजे दूरचे दृश्य, या शीर्षकाखाली आलेल्या शिल्पांत क्षितिज आणि लाट यांचे जे सूचन आहे ते प्रभावी आहे. परंतु त्याच घराण्यातील पुढची काही शिल्पे पाहताना शोध संपून केवळ परिष्करण उरले आहे असे वाटू लागते. पद्धती इतकी अवघड की तिच्यावर प्रभुत्व मिळविणे हेच ध्येय बनण्याचा धोका असतो. काही उभ्या शिल्पांत तर घाट इतका नेटका आहे की तो मातीपेक्षा रेखनफलकावर जन्मला असावा असे वाटते; तेथे टळलेल्या संकटाची जाणीव उरत नाही आणि एक देखणी, थंड वस्तू तेवढी मागे राहते. भव्य उपाहारगृहांच्या दालनांत अशा वस्तू शोभून दिसतात. ते त्यांचे भाग्य की दुर्भाग्य, हे पाहणाऱ्याने ठरवावे.

बैठकींचा प्रश्नही याच सदरातला. अनेक शिल्पे लाकडाच्या, दगडाच्या वा धातूच्या बैठकीवर उभी केलेली असतात. आडव्या शिल्पांत बैठक अटळ आहे, कारण तिच्याशिवाय समतोल साधणार नाही. उभ्या शिल्पांत मात्र ती पुष्कळदा वस्तूला मौल्यवान ठरविण्याचे काम करते. माती जमिनीवरून उचलून प्रतिष्ठेच्या पातळीवर नेते. ज्या कलावंताने कोगेई आणि चोकोकु यांच्यातील भिंत ओलांडली त्याला चोकोकुच्या बाजूस पोचल्यावर बैठकीच्या दाखल्याची गरज भासावी, यात थोडी विसंगती आहे.

तरीही हाताच्या खुणेविषयीच्या मूळ वादात फुकामींची बाजू भक्कम आहे, आणि तिला इतिहासाचा आधारही आहे. साच्याचा अंगीकार करून फुकामींनी परंपरेशी बंड केले असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. कोणत्या परंपरेशी? चहाविधीच्या परंपरेशी, हे खरे. परंतु जपानच्या मातीकामात दुसरीही एक परंपरा आहे आणि ती पोर्सेलिनची आहे. आरितात एक जण माती मळी, दुसरा चाकावर बसे, तिसरा रेषा काढी, चौथा रंग भरी. सतराव्या शतकाच्या मध्यापासून डच व्यापाऱ्यांमार्फत युरोपला गेलेल्या भांड्यांवर कोण्या एका हाताची खूण नव्हती आणि तिची कोणी अपेक्षाही केली नव्हती. पोर्सेलिन प्रथमपासूनच अनेक हातांचे, म्हणून एका अर्थी कोणत्याच हाताचे नव्हते. चहाच्या कटोऱ्याचा निकष पोर्सेलिनला लावणे म्हणजे ओवीच्या मोजमापाने शार्दूलविक्रीडित तपासणे होय. यानागींनी अनामिक कारागिराचा गौरव केला; पुनरावृत्तीत अहंकार विरघळतो असे ते म्हणत. फुकामींनी हाताची खूण पुसली, पण अहंकार पुसला नाही. शीर्षक, आवृत्तिक्रमांक, बैठक, सर्व काही नावानिशी आहे. अनामिकतेचे तंत्र आणि कर्त्याचा ठाम निर्णय यांची ही जोडी यानागींच्या तत्त्वज्ञानात बसत नाही आणि चहाविधीच्या अभिरुचीतही बसत नाही. ती आरिताच्या कार्यशाळेत बसते, फक्त तेथील सर्व हातांची जागा आता एकाच हाताने घेतलेली आहे.

या संदर्भात फुकामींच्या लहान कामांकडे लक्ष जाणे इष्ट आहे. शिल्पांच्या बरोबरीने त्यांनी चहाचे कटोरे आणि फुलपात्रेही केली आहेत, त्याच निळसर पांढऱ्या झिलईची. समीक्षकांनी त्यांना फारसे महत्त्व दिले नाही. एखाद्या कादंबरीकाराच्या पत्रांकडे पाहावे तसे त्यांच्याकडे पाहिले गेले. पण कटोरा ओठाला लावायचा असतो. त्याच्या कडेवर झिलई तशीच पातळ होते, पांढरी रेषा तशीच उमटते. मात्र येथे धार तीक्ष्ण ठेवता येत नाही. जी कड उभ्या शिल्पात डोळ्याला कापते ती येथे ओठासाठी किंचित गोल करावी लागते, आणि ती किती गोल करावयाची हे ठरविण्यास साचा पुरत नाही.